थेंबभर रक्ताची तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला रामबागेत माझी पॅथॉलॉजी लॅब होती, बावीस वर्षं. लॅब बंद केली, पण प्रश्न काही थांबले नाहीत. गणपतीच्या आरतीनंतर, लग्नाच्या पंगतीत, मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोक विचारतच असतात, आणि हल्ली निम्मे प्रश्न ‘थेंबात होणाऱ्या’ तपासण्यांचे असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तेच तेच लिहावं लागू नये म्हणून त्यांना क्रमांक दिले आहेत. औषधाचा डोस मात्र ही उत्तरं वाचून बदलू नका, त्यासाठी आपल्या डॉक्टरांशीच बोला.

१. मायक्रोफ्लुइडिक्स म्हणजे काय? साध्या मराठीत सांगा ना.

केसाएवढ्या बारीक वाटांमधून द्रव न्यायची, मिसळायची आणि तपासायची विद्या. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. चिपवरच्या वाटाही त्याच मापाच्या, कधी त्याहून बारीक तर कधी काही पट रुंद. तांबडी पेशी ७-८ मायक्रोमीटरची, त्यामुळे अशा वाटेतून पेशी आरामात जातात. रक्त मोजून घेणं, त्यात रसायन घालणं, थांबणं, रंग पाहणं ही लॅबमधली सगळी कामं टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यावर बसवली की त्याला लॅब-ऑन-चिप म्हणतात. संपूर्ण रासायनिक विश्लेषण एका छोट्या उपकरणात बसवायची कल्पना आंद्रेयास मान्झ यांनी १९९० साली मांडली आणि ही शाखा तिथून आकाराला आली.

२. आमच्या घरात असलं काही आहे का?

बहुतेक असेलच. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपच्या टोकाला बारीक फट असते. तिला थेंब टेकवला की रक्त आपोआप आत ओढलं जातं आणि मोजकं, साधारण अर्धा ते एक मायक्रोलिटर (मिलिलिटरचा हजारावा भाग), आत जाऊन थांबतं. गर्भधारणेची पट्टी आणि कोविडच्या काळातलं अँटिजेन किट हीसुद्धा याच कुळातली. फरक इतकाच की त्यांत खोदलेली वाट नसते, कागदासारख्या पदार्थातल्या छिद्रांमधून द्रव पुढे सरकतो.

३. पंप नाही, बॅटरी नाही, मग रक्त आत सरकतं कसं? आणि इतक्या लवकर उत्तर कसं येतं?

समईची वात तेल वर ओढते, तसंच. बारीक जागेत द्रव भिंतीला चिकटतो आणि पुढचा भाग मागच्याला ओढत नेतो.

लवकर उत्तर येण्याचं कारण जास्त सुंदर आहे. इतक्या बारीक वाटेत पाणी मधासारखं वागतं. त्यात भोवरे होत नाहीत, शेजारून वाहणाऱ्या दोन धारा घुसळल्या जात नाहीत. मिसळायचं ते रेणूंच्या आपल्या आपण पसरण्यानेच, आणि या पसरण्याला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. साखरेसारख्या लहान रेणूला १०० मायक्रोमीटर पसरायला दहाएक सेकंद लागतात. तोच रेणू स्थिर पाण्यात एक सेंटिमीटर जायला जवळजवळ एक दिवस घेईल. अंतर शंभरपट कमी केलं की वेळ दहा हजारपट कमी होतो. चिपचा वेग यातून येतो.

४. एका थेंबात होतं म्हणता, मग लॅबवाले दोन-तीन नळ्या भरून रक्त का घेतात? उगाच?

उगाच नाही. हे उत्तर जरा सावकाश वाचा, कारण पुढची निम्मी उत्तरं यावरच उभी आहेत.

रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये तांबड्या पेशी ४० ते ५५ लाख, प्लेटलेट दीड ते साडेचार लाख आणि पांढऱ्या पेशी ४ ते ११ हजार असतात. साखरेच्या रेणूंची तर गणतीच नाही. अशा गोष्टी शोधायला छोटा थेंब भरपूर झाला. आता समजा, एखाद्याच्या रक्तात दर मिलिलिटरला फक्त ५० विषाणू आहेत. बोटाचा २० मायक्रोलिटरचा थेंब घेतला तर त्यात सरासरी एक विषाणू येईल. सरासरी एक याचा अर्थ असा की तीनांतला एखादा थेंब अगदी कोरा निघेल. जे थेंबात आलंच नाही, ते कितीही चांगल्या चिपला सापडणार नाही. म्हणूनच जंतुसंसर्गाचं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करताना मोठ्या माणसाचं दर बाटलीला ८ ते १० मिलिलिटर रक्त घेतात. जंतू तितके विरळ असतात.

नळ्या वेगवेगळ्या असण्याचं कारण निराळं. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रसायन रक्त गोठू देत नाही, करड्या टोपणाच्या नळीतलं पेशींना साखर खाऊ देत नाही. एकीतलं रक्त दुसरीच्या तपासणीला चालत नाही.

अमेरिकेत २००३ साली सुरू झालेल्या थेरानोस कंपनीने बोटाच्या थेंबावर भराभर तपासण्या करून देण्याचा दावा केला होता. तिची संस्थापक एलिझाबेथ होम्स हिला गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल जानेवारी २०२२ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं. त्या प्रकरणामुळे या क्षेत्रात प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांकडेही लोक संशयाने पाहू लागले, याचं मला फार वाईट वाटतं. कोणतीही नवी तपासणी समोर आली की मी आधी एवढंच विचारते : आपण शोधतोय ती गोष्ट या थेंबात असणार आहे का?

५. थेंब नीट येत नाही. बोट दाबून, पिळून काढला तर चालतं का?

पिळू नका. पिळलं की रक्ताबरोबर पेशींच्या भोवतालचं पाणीही येतं, थेंब पातळ होतो, काही पेशी फुटतात. फुटलेल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामुळे बोटाच्या रक्तावरच्या पोटॅशियमच्या आकड्यावर माझा भरवसा नाही.

माझ्या लॅबच्या सुरुवातीच्या दिवसांत एका लहान मुलाच्या बोटाचा नमुना असाच पिळून घेतला गेला, माझ्या देखत. प्लेटलेट धोक्याच्या पातळीखाली आल्या. ते डेंग्यूचे दिवस होते, त्याच्या आईने रात्र रडून काढली. सकाळी शिरेतून रक्त घेतलं तर आकडा व्यवस्थित होता. बोटाच्या रक्तात प्लेटलेट चटकन एकमेकींना चिकटतात आणि मोजणीत कमी भरतात, हे पुस्तकात वाचलेलं मला होतं. तरी त्या दिवशी मी थांबवलं नाही.

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की एकाच टोचणीतून लागोपाठ निघालेल्या थेंबांचे हिमोग्लोबिन व पेशींचे आकडेसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत. शिरेच्या नमुन्याइतकं स्थिर उत्तर हवं असेल तर सहा ते नऊ थेंबांची सरासरी घ्यावी लागली. म्हणून कोमट पाण्याने हात धुवा, हात खाली सोडून ठेवा, बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, आणि पहिला थेंब पुसायचा की नाही ते आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत पाहा.

६. घरचा ग्लुकोमीटर आणि लॅबचा रिपोर्ट कधीच जुळत नाही. यंत्र बदलू का?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. बहुतेक वेळा यंत्र बरोबर असतं.

ग्लुकोमीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे १०० (मिलिग्रॅम दर डेसिलिटरला) आणि त्यावरच्या साखरेला शंभरांतली ९५ मोजमापं लॅबच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत हवीत, १०० च्या खाली १५ मिलिग्रॅमच्या आत. खरी साखर २०० असेल तर यंत्राने १७५ दाखवलं तरी ते नियमात बसतं आणि २२५ दाखवलं तरी बसतं. जेवणानंतर तर बोटाच्या रक्तातली साखर शिरेतल्या रक्तापेक्षा खरोखरच जास्त असते, कारण शिरेतलं रक्त पेशींना साखर देऊन परत निघालेलं असतं. उलट, लॅबचा नमुना साध्या नळीत तसाच पडून राहिला तर पेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर खाऊन टाकतात. मग दोष लॅबकडचा.

पंडुरोग, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी, असेल तर पुष्कळ यंत्रं साखर वाढवून दाखवतात. आणि हात! रविवारी पोहे-जिलेबी झाली, बोटं नुसती रुमालाला पुसली आणि लगेच थेंब काढला, तर पाकाचा अंश थेंबात उतरतो. आमच्या इंदूरच्या कितीतरी घाबरलेल्या फोनांमागे हेच निघालं आहे. साबणाने हात धुवा, कोरडे करा, पुन्हा मोजा. तरीही तफावत राहिली तर लॅबमध्ये रक्त देताना त्याच मिनिटाला घरचं यंत्रही वापरा. उपाशीपोटी केलेली ही तुलना सगळ्यांत विश्वासाची.

७. स्ट्रिपची डबी फ्रिजमध्ये ठेवू का? उन्हाळ्यात इथे ४० च्या वर पारा जातो.

फ्रिजमध्ये नको, तिथून बाहेर काढली की ओल धरते. मे महिन्यात बंद गाडीतही नको. आतली रसायनं, विशेषतः एन्झाइम, उष्णता आणि दमट हवा दोन्हींनी मरतात. डबीवर तापमानाची मर्यादा छापलेली असते, बहुतेक ३० अंशांपर्यंत. देवघरासारख्या घरातल्या थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवा आणि स्ट्रिप काढली की झाकण लगेच लावा.

८. टीबीसाठी थुंकी दिली तर ‘कार्ट्रिजची तपासणी’ करू म्हणाले. ती काय असते? तिच्यात चूक होते का?

जीवाणूचा डीएनए वाढवून ओळखणारी पीसीआर तपासणी बंद डबीत किंवा चिपवर बसवलेली असते. जीनएक्सपर्ट या अशा यंत्राला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. ट्रूनॅट हे आपल्याकडचं यंत्र, गोव्याच्या मोलबायो कंपनीचं. त्यात पीसीआर चिपवर होते, ते बॅटरीवर चालतं, म्हणून जिथे वातानुकूलित लॅब नाही अशा आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. त्यालाही संघटनेची मान्यता २०२० मध्ये मिळाली. सूक्ष्मदर्शकाखाली टीबी दिसायला थुंकीत दर मिलिलिटरला साधारण ५ ते १० हजार जीवाणू असावे लागतात. जीनएक्सपर्टला शे-सव्वाशे पुरतात, शिवाय रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही दोनेक तासांत कळतं.

गडबड होते ती उपचारानंतर. ही तपासणी मेलेल्या जीवाणूंचा डीएनएही पकडते, त्यामुळे बऱ्या झालेल्या रुग्णातही ती काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकते. उपचार लागू पडतोय का हे पाहायला म्हणूनच सूक्ष्मदर्शक किंवा कल्चर वापरतात. आणि थुंकीऐवजी नुसती लाळ दिली असेल, तर प्रश्न ४ मधलीच गोष्ट : तिथे जीवाणूच नसतील तर सापडणार कुठून?

९. मी झाबुआकडे शिक्षिका आहे. शाळेत सिकलसेलची तपासणी झाली, एका मुलीला ‘पॉझिटिव्ह’ सांगितलं. म्हणजे ती आजारी आहे का?

सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष, त्याने रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आधी कोणती तपासणी झाली ते विचारा. विद्राव्यतेची जुनी, स्वस्त तपासणी रक्त गढूळ झालं की सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. ती मुलगी वाहक आहे (दोष एकाच पालकाकडून आलेला) की रुग्ण (दोघांकडून आलेला), हे त्यातून कळत नाही. वाहक मुलं बहुधा ठणठणीत असतात. प्रतिपिंडांवर चालणाऱ्या नव्या पट्ट्या बोटाच्या थेंबात वाहक आणि रुग्ण वेगळे दाखवतात. शेवटचा शब्द हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी या मोठ्या यंत्राचा.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम आपल्याच राज्यात, मध्य प्रदेशातल्या शहडोलला, १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट आहे. झाबुआ, अलीराजपूर, बडवानीच्या पाड्यांवरून रक्ताची नळी शहरात आणायची, रिपोर्ट परत न्यायचा, तोवर कुटुंब मजुरीला गुजरातेत गेलेलं असतं. थेंबाच्या तपासणीचं खरं मोल मला अशा ठिकाणी दिसतं. उत्तर माणूस समोर असतानाच हातात येतं.

अपवाद तीन. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे विद्राव्यतेच्या तपासणीवर विसंबू नये. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर उत्तरात दात्याचं रक्त मिसळलेलं असतं. आणि सिकलची पट्टी बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक ओळखत नाही, त्यासाठी एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार मोजावा लागतो. इंदूरच्या सिंधी कुटुंबांतून हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

त्या मुलीबद्दल एक विनंती. निकाल वर्गासमोर वाचू नका. आई-वडिलांना बोलावून सांगा.

१०. सिकलसेल वाहक असलेल्या मधुमेहीची एचबीए१सी खरी मानायची का?

विचारून मग माना. एचबीए१सी म्हणजे साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण, त्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. तांबड्या पेशीचं आयुष्य १२० दिवस धरून एचबीए१सीचा अर्थ लावतात. सिकलसेलच्या रुग्णात पेशी लवकर मरतात, म्हणून आकडा खोटाच कमी येतो. वाहकात पेशींचं आयुष्य बहुधा ठीक असतं, पण काही पद्धतींना ते वेगळं हिमोग्लोबिन गोंधळात टाकतं. आपल्या लॅबची पद्धत त्याला चालते का, हे लॅबला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. लोहाच्या कमतरतेत उलट आकडा वाढलेला दिसू शकतो.

११. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेते. त्याचा तपासणीशी काय संबंध?

आहे. हार्मोन आणि हृदयाच्या ट्रोपोनिनसारख्या काही तपासण्यांत, मोठ्या यंत्रात असो की चिपवर, बायोटिनला घट्ट पकडणाऱ्या प्रथिनाचा सापळा वापरतात. रक्तात बायोटिन फार असेल तर सापळा त्यानेच भरतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. गोळी घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा, किती दिवस थांबायचं ते लॅब सांगेल.

१२. आईच्या रक्ताच्या थेंबावरून मुलगा की मुलगी हे कळतं म्हणे. किट मागवू का?

नाही. गर्भलिंग निदान १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, किट परदेशातून आलं तरी. यापुढे मी याचं उत्तर देत नाही.

आईच्या रक्तात बाळाच्या डीएनएचे तुकडे असतात हे डेनिस लो यांनी १९९७ मध्ये दाखवलं, ते खरं आहे. त्यावर आधारलेली तपासणी दहाव्या आठवड्यानंतर डाउन सिंड्रोमसारख्या दोषांची शक्यता सांगते. तिला पूर्ण नळी लागते, थेंब नाही. ती पॉझिटिव्ह आली तरी ते निदान नसतं, पक्कं करायला गर्भजल तपासावं लागतं.

१३. चिपवर फुप्फुस बनवलं असं वाचलं. खरं का?

फुप्फुस नव्हे, फुप्फुसाचं एक काम. २०१० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी लवचीक पडद्याच्या एका बाजूला फुप्फुसाच्या आणि दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी वाढवल्या आणि पडदा श्वासासारखा ताणला. औषधांची पहिली परीक्षा अशा चिपवर घेता यावी म्हणून भारतानेही २०२३ मध्ये औषध चाचण्यांच्या नियमांत बदल केला. रुग्णाच्या रिपोर्टशी याचा आज संबंध नाही.

१४. मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिला यात काही करता येईल का? चिप घरी बनते का?

कागदाची बनते. २००७ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने कागदावर पाणी अडवणाऱ्या रेषा आखून वाटा तयार केल्या आणि लघवीतली साखर व प्रथिनं मोजून दाखवली. गाळणकागद आणि मेण वापरून तुमची मुलगी रंगीत पाण्यावर हे स्वयंपाकघरातही करून पाहू शकेल. पुढची पायरी पीडीएमएस नावाच्या पारदर्शक रबराची, साच्यात ओतून. याच मापाचे खोल, सरळ कडांचे साचे क्ष-किरणांनीही कोरता येतात, आणि आपल्या इंदूरच्या आरआरकॅट या संशोधन केंद्रातल्या इंडस-२ या क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर त्या कामासाठी वेगळी किरणवाट आहे. सिमरोलला आयआयटी आहे. इंदूरच्या मुलांनी निदान दारावर थाप तरी मारावी, असं मला फार वाटतं.

मीरतचे मनू प्रकाश स्टॅनफर्डमध्ये आहेत. दोऱ्यात बटण ओवून ओढायच्या खेळावरून त्यांनी २०१७ मध्ये कागदाचं सेंट्रिफ्यूज केलं. मिनिटाला १,२५,००० फेरे, दीड मिनिटात रक्तातला प्लाझ्मा वेगळा, वीज नाही.

मुलीला एकच ताकीद. माणसाचं रक्त वापरायचं तर आधी नैतिकता समितीची परवानगी, मग प्रयोग. मैत्रिणींची बोटं टोचायची नाहीत.

१५. ऑनलाइन मिळणारं किट खरं की खोटं, कसं ओळखू? आणि वापरल्यावर टाकू कुठे?

२०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली अशा किटला परवाना लागतो. वेष्टनावर परवाना क्रमांक, उत्पादक किंवा आयातदाराचा पत्ता, बॅच आणि मुदत हवी. ‘एका थेंबात कॅन्सरसकट पन्नास आजार’ असं लिहिलेलं असेल तर प्रश्न ४ पुन्हा वाचा आणि पैसे वाचवा.

सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण घट्ट करा, आणि कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या. स्ट्रिप कागदात गुंडाळून तिथेच. ओल्या-सुक्यात टाकलेली सुई पुढे कोणाच्या तरी हातात घुसते.

१६. आजी ८४ वर्षांची आहे. शीर सापडतच नाही, हात काळेनिळे होतात. तिचं सगळं थेंबावरच करता येईल का?

सगळं नाही, पण बरंच. साखर, हिमोग्लोबिन, एचबीए१सी आणि आयएनआर (रक्त किती वेळात गोठतं त्याची तपासणी) बोटाच्या थेंबावर होतात, बऱ्याच ठिकाणी घरी येऊनही करतात. पोटॅशियम शिरेतूनच द्या (कारण प्रश्न ५ मध्ये आहे), कल्चरही शिरेतूनच.

शिरेतून रक्त काढायचं असेल तेव्हा आदल्या संध्याकाळपासून पाणी नीट पाजा, डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर. सकाळी हात कोमट पाण्याच्या पिशवीने शेकून ठेवा. लॅबमध्ये सांगा की लहान मुलांच्या नळ्या वापरा, त्यांत अर्धा-एक मिलिलिटर पुरतं. डॉक्टरांना विचारून महिनाभराच्या तपासण्या एकाच दिवशी आणा. आणि रक्त घेणाऱ्या मुलाला दोनदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा टोचू देऊ नका, दुसऱ्याला बोलवायला सांगा. असं सांगितल्याबद्दल माझ्या लॅबमध्ये मी कधी कोणावर रागावले नाही, आणि तुमच्यावरही कोणी रागावू नये.